आजोबा शिवणीत गेले

मागच्या महिन्यात तीन दिवस संभाजीनगरला होतो. घरी सांगितलं होतं बँकेचं ट्रेनिंग आहे. खरं सांगितलं असतं की ऐंशी वर्षांपूर्वीचा पेपर वाचायला सुट्टी टाकून चाललोय, तर बायकोनं आधी मला डॉक्टरकडं नेलं असतं. आता हे वाचून तिला कळंल ते कळंल.

सुरुवात झाली गावाकडच्या घरापासनं. माळवदाचं घर, दोन वर्षं वर माती टाकायला माणूस मिळाला नाही, मागच्या पावसाळ्यात एक खण खाली आला, शेवटी चुलत भावानं जेसीबी सांगितला. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी बळद (भिंतीतली धान्याची कोठी) झाडताना आतनं एक पत्र्याची पेटी निघाली. पेटीत दोन गडू, आजीचं एकच जोडवं, आणि मळक्या फडक्यात गुंडाळलेला एक उर्दू कागद. वरचा अर्धा कागद वाळवीनं खाल्लेला, खाली एक शिक्का.

आमच्या घरात आता उर्दू कुणालाच येत नाही. आजोबांना यायची, निजामाच्या राज्यात शिकलेले ते, पण त्यांच्यासोबत ती गेली. परभणीत एक रिटायर झालेले उर्दूचे सर आहेत, आमच्या ब्रँचला पेन्शनला येतात, त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून कागद पार नाकाला लावला आणि हळूहळू वाचलं, नारायन वल्द गनपत (म्हणजे गणपतचा मुलगा), मेहेर महिना, १३५६ फसली (निजामाच्या राज्यातलं साल), आणि शिक्का जेलचा. मी म्हटलं सर, आडनाव? तर म्हणाले, साहेब त्या काळात वल्द म्हटलं की काम भागायचं.

आजोबा जेलात होते हे घरात सगळ्यांना माहिती. पण कधी गेले, कोणत्या जेलात, किती दिवस, विचारलं की प्रत्येकाची वेगळी गोष्ट. स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनचा अर्ज त्यांनी केलाच नाही, केला असता तर निदान एखादी फाईल तरी कुठं सापडली असती. मग उरला पेपर. निजामाच्या राज्यात मराठी पेपरांना सुखानं जगू देत नव्हते, बंदी, जप्ती चालूच, त्यामुळं आपल्या इकडच्या अटकांच्या बातम्या पुण्या-मुंबईच्या पेपरात यायच्या, गावाचं नाव चुकीचं छापून का होईना, पण यायच्या. आणि कुणीतरी सांगितलं की संभाजीनगरला एका जुन्या लायब्ररीत पुण्याच्या एका पेपरची त्या वर्षांची मायक्रोफिल्म आहे. लायब्ररीचं नाव मी लिहीत नाही, पेपरचंही नाही, कारण पुढं जरा कुरकुर करायचीय.

मायक्रोफिल्म हा शब्द मी तोवर फक्त जुन्या हेरगिरीच्या पिक्चरमध्ये ऐकला होता. बुटाच्या टाचेत लपवतात ती. म्हटलं, बघू.

सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस पकडली, अकरा-साडेअकराला लायब्ररीत. तळमजल्यावर कोपऱ्यात एक खोली, खोलीत एक एसी जो फक्त आवाज करतो, एक लोखंडी कपाट आणि एक मशीन. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर टपरीसारखं छप्पर टाकलं तर कसं दिसंल तसं. खाली दोन बाजूंना दोन खुंट्या, मधे काचेच्या दोन पट्ट्या, त्यावर भिंग, मागं बल्ब. मशीन सांभाळणारे मामा, रिटायरमेंटला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. (परगावच्या वाचकांसाठी, आमच्याकडं ऑफिसातल्या शिपायाला मामाच म्हणतात, नातं नाही.)

मामांनी विचारलं कोणतं साल. मी एकदम हुशारीनं सांगितलं, १९४६, ऑगस्ट. घरून हिशोब करूनच गेलो होतो ना, फसलीत ५९० मिळवायचे, १३५६ अधिक ५९० बरोबर १९४६. मामांनी कपाटातनं पुठ्ठ्याची छोटी डबी काढली, त्यातनं रीळ. पस्तीस मिलिमीटरची फिल्म, म्हणजे आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्याच रुंदीची, फक्त कडेला ती भोकं नसतात, आणि लांबी शंभर फूट, तीसएक मीटर. पेपरसाठी ही रुंदी वापरतात, बँकेचे चेक, ऑफिसचे कागद यांना त्याच्या अर्ध्याहून कमी, सोळा मिलिमीटरची पुरते.

आधी मी फिल्म उलटी लावली. एक बाजू चकचकीत असते, दुसरी निस्तेज, त्या निस्तेज बाजूवर अक्षरं. उलटी लागली की सगळं आरशात बघितल्यासारखं, देवनागरी उलटी कशी दिसते एकदा बघाच, आपलीच भाषा आपल्याला ओळख देत नाही. मामा मागं उभे राहून गालात हसत होते, मग त्यांनी सरळ करून दिली. पहिल्या फ्रेममध्ये पेपरचं नाव आणि तारखा लिहिलेली पाटी, मग एक पट्टी आणि बारीक बारीक रेघांचा तक्ता. ह्या रेघा कशाला, तर फिल्म तपासणाऱ्यानं भिंगातनं बघायचं की सगळ्यात बारीक रेघा सुट्ट्या दिसतायत का एकमेकींत मिसळल्या, त्यावरनं फोटो किती स्पष्ट आला ते कळतं. मग पानं सुरू. काळ्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे निगेटिव्हच. पानाचा आकार पंधरा-वीस पट लहान करून त्या चिंचोळ्या पट्टीवर बसवलेला.

हँडल फिरवायचं आणि वाचायचं, दुसरं काही नाही. सर्च नाही, कंट्रोल एफ नाही, नाव टाकलं की पिवळं होऊन समोर आलं असलं काही नाही. आणि हँडल जरा जोरात फिरवलं की पानं अशी सरासरा पळतात की पोटात ढवळतं. मी अर्ध्या तासात बाहेर जाऊन लिंबूपाणी पिऊन आलो. कन्नडचा घाट चढताना एसटीच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखं.

दुपारी तीनपर्यंत मी ऑगस्ट १९४६ वाचत होतो. कलकत्त्याच्या दंगली, मोठ्या मोठ्या मथळ्यांनी, पानंच्या पानं. मग सप्टेंबर लागला, नेहरूंचं हंगामी सरकार आलं. हैदराबाद संस्थानातल्या अटकांचं नाव नाही. मामांनी चहा आणून ठेवला आणि सहज विचारलं, सर नेमकं काय शोधताय? कागदाचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी मेहेर १३५६ वाचलं, म्हणजे मी खाली मराठीत लिहून ठेवलं होतं ते, आणि म्हणाले, "सर, ५९० नाही, ५९१ लागतंय हितं. निजामाचं फसली साल ऑक्टोबरात बसतंय. आजूर पहिला महिना, मेहेर अकरावा. म्हणजे साल संपत आलतं. सत्तेचाळीसचा ऑगस्ट बघा."

बँकेत बावीस वर्षं नोकरी, आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं हे झोपेत विचारलं तरी सांगंल मी, आणि हे डोक्यात आलं नाही. ऑगस्ट ४७! मग तर सगळंच जुळत होतं. ७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसनं भारतीय संघराज्यात सामील व्हा म्हणून सत्याग्रह पुकारला, गावोगाव झेंडे लावले, माणसं धरून नेली. १५ ऑगस्टला तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांनाच अटक झाली. सगळा देश पेढे वाटत होता आणि आपल्याकडं मात्र जेल भरत होते, आपला दिवस उजाडला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. हे शाळेत पाठ केलेलं, पण स्वतःच्या आजोबाच्या कागदाला लावता आलं नाही.

मामांना हे फसलीचं कसं काय येतं विचारलं, तर म्हणाले आता सगळ्यांनाच येतंय. २०२३ पासनं, कुणबी नोंदींचा विषय सुरू झाल्यापासनं, न्यायमूर्ती शिंदे समिती, हैदराबादचं रेकॉर्ड, हे सगळं चालू झालं तेव्हापासनं रोज कुणी ना कुणी येतं, आजोबा पणजोबाचं नाव घेऊन. इथं पेपर आहेत, खासरा पाहणी पत्रक नाही, कोतवाल बुक नाही, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. मोडी वाचणाऱ्याला आणि उर्दू वाचणाऱ्याला एवढा मान मराठवाड्यात आधी कधी मिळाला नसंल.

त्या रात्री लॉजवर झोप येईना म्हणून मोबाइलवर ह्या मायक्रोफिल्मचंच वाचत बसलो. ही काय भानगड आहे, कुणी काढली. तर १८३९ मध्येच, म्हणजे फोटोग्राफीचा जन्म झाला त्याच वर्षी, इंग्लंडच्या जॉन डान्सर नावाच्या माणसानं कागदाचा फोटो १६० पट लहान करून दाखवला होता. त्याला स्वतःला ते खेळण्यापलीकडं काही वाटलं नाही. मग रने दाग्रों नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरनं १८५९ ला पेटंट घेतलं, आणि १८७०-७१ ला जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा हाच माणूस बलूनमधनं शहराबाहेर निसटला आणि बाहेरनं आत चिठ्ठ्या पाठवायला लागला. हजारो निरोप एका पातळ फिल्मवर, फिल्मची गुंडाळी एका नळीत, नळी कबुतराच्या शेपटीच्या पिसाला. कबूतर पोचलं की ती फिल्म भिंतीवर मोठी करून पाडायची आणि कारकुनांनी बसून उतरवून घ्यायची. मला त्या कारकुनांचं वाईट वाटलं, दुसऱ्याच्या बायकापोरांची खुशाली रात्रभर उतरवत बसायचं.

आणि पुढचं वाचून तर मी उठूनच बसलो. मायक्रोफिल्म धंद्यात आणली ती एका बँकवाल्यानं. न्यूयॉर्कचा जॉर्ज मॅकार्थी, १९२० च्या दशकात, त्यानं चेकचे फोटो काढायचं मशीन बनवलं, चेक गिऱ्हाइकाला परत गेला तरी बँकेकडं त्याचा फोटो राहावा म्हणून. कोडॅकनं ते घेतलं, १९२८ ला रेकॉर्डॅक नावाची कंपनी काढली, आणि १९३५ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या फायली फिल्मवर घेतल्या. म्हणजे सुरुवात आमच्याच जमातीनं केली म्हणायची. आमच्या ब्रँचची रेकॉर्ड रूम बघितली की मॅकार्थी रडंल, ती गोष्ट वेगळी.

पण पेपरच का? तर पेपरचा कागद मुळातच अल्पायुषी. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यात आम्ल तयार होत राहतं, पिवळा पडतो, मग तपकिरी, मग पापडासारखा हातात मोडतो. आपल्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे ना, चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापडावर लिहिलेली, चारशे वर्षं होऊन गेली, ती अजून आहे, आणि १९४७ चा पेपर दुमडला की तुकडे. कापड, ताडपत्र, हातकागद टिकले, यंत्रावरचा कागद गेला. फिल्मचं मात्र पॉलिएस्टरवरची चांदीची असंल आणि नीट ठेवली असंल तर पाचशे वर्षं धरतात. चांदी म्हणजे खरीच चांदी बरं का, फिल्मवर काळं दिसतं ते चांदीचे बारीक कण असतात. फोटो धुताना हायपो नावाच्या रसायनानं नको ती चांदीची क्षारं काढून टाकायची आणि मग तो हायपो पाण्यानं नीट धुऊन टाकायचा, तो थोडा जरी राहिला तरी वर्षांनी फिल्म डागाळते. परभणीत स्टेशन रोडला लहानपणी एक फोटो स्टुडिओ होता, त्याच्या डार्क रूमचा तो वास मला आजही कळंल.

वासावरनं आठवलं. दुसऱ्या दिवशी मामांनी ४७ ची डबी काढायला कपाट उघडलं तर भपकन सिरक्याचा वास. मला वाटलं कुणी डबा ठेवलाय कांदा-लोणच्याचा. मामा म्हणाले नाही सर, फिल्म आजारी आहे. खरंच आजार आहे तो. पॉलिएस्टरच्या आधीची जी फिल्म होती, अॅसिटेटची, ती उष्णता आणि दमटपणानं कुजते, त्यातनं अॅसिटिक आम्ल निघतं, म्हणजे सिरका, आणि ते आम्लच कुजणं आणखी वाढवतं. फिल्म आक्रसते, वाकडी होते, वरचा थर सुटून येतो. शेजारच्या चांगल्या डबीलाही ते लागतं, गोवरासारखं. मामांनी अशा सात-आठ डब्या वेगळ्या करून खिडकीतल्या एका खोक्यात ठेवल्या होत्या, त्यावर स्केचपेननं "हात लावू नये". त्यांना कुणी शिकवलेलं नाही, नाकानं शिकलेले.

फिल्म कशी ठेवावी याचं पुस्तकी उत्तर आहे, एकवीस डिग्रीच्या खाली आणि कोरडी हवा, तीस ते चाळीस टक्के आर्द्रता, आणि ती सारखी वरखाली होऊ द्यायची नाही. आमच्या परभणीत मे महिन्यात पंखा गरम हवा फेकतो तिथं एकवीस डिग्री! आणि खरं म्हणजे लोकांच्या हातात द्यायची फिल्म ही तिसरी पिढी असायला पाहिजे. मूळ निगेटिव्ह वेगळ्या इमारतीत, थंडीत, कुणी हात लावायचा नाही, त्यावरनं एक छापायची प्रत, आणि त्यावरनं वाचकांची प्रत, जिच्यावर आमच्यासारखे नवखे हँडल फिरवून ओरखडे पाडणार. मामांना विचारलं मूळ कुठाय. त्यांनी खिडकीतल्या खोक्याकडं बोट केलं.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आम्ही लहानपणापासनं म्हणतो, अर्थ कुणालाच माहिती नाही. पण जर्मनीवाल्यांनी काय केलंय बघा. फ्रायबुर्गजवळ ओबररीड गावाला डोंगरात जुनी खाण आहे, तिच्यात १९७५ पासनं देशभरच्या महत्त्वाच्या कागदांच्या मायक्रोफिल्म ठेवतात, स्टेनलेस स्टीलच्या बंद पिंपांत, आत वर्षभर दहा डिग्रीच्या आसपास. शंभर कोटींच्या वर फोटो. स्कॅनिंगचा जमाना आला तरी त्यांनी ते बंद केलं नाही. २००९ च्या मार्चमध्ये कोलोन शहराची अख्खी अभिलेखागाराची इमारत भुयारी रेल्वेच्या कामापायी जमिनीत गेली, हजार वर्षांचे कागद चिखलात, तेव्हा ज्या कागदांच्या फिल्म त्या डोंगरात होत्या तेवढ्यांची निदान नक्कल शाबूत होती. आणि ते पिंप पाचशे वर्षांनी कुणी उघडलं, त्याच्याकडं कसलंच सॉफ्टवेअर नसलं, तरी उजेड आणि भिंग असलं की झालं. माझ्या लग्नाची सीडी २००४ ची आहे, ती आता कशातच चालत नाही. सीडी लावायला घरात मशीनच नाही, आणि भावाकडं आहे त्याच्यात टाकली तर नुसती घरघर.

तर ४७ चं रीळ. त्या वेळी कागदाची टंचाई, पेपर जेमतेम चार-सहा पानांचे, त्यामुळं एका रिळात चांगले चार महिने बसलेले. ऑगस्ट लागला. आता हळू. एक अडचण अशी की फिल्मवरचा धुळीचा कण आणि अनुस्वार यात काडीचा फरक नाही. गंगाखेडचं गगाखेड दिसतं, पाथरीचं पांथरी. एके ठिकाणी "जितूर" का "जिंतूर" बघायला मी रुमालानं काच पुसली, मामा ओरडले, रुमालानं नाही, तिकडं मऊ कापड आहे. रफार तर अर्धे उडालेलेच.

८ ते १३ ऑगस्ट, एकामागनं एक फ्रेम, कोरी पाटी, "अंक उपलब्ध नाही". सहा दिवस. फोटो काढताना त्यांच्याकडं तेवढे अंकच नव्हते, आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलंय, हे चांगलंच, पण नेमके तेच सहा दिवस! मी हँडल सोडून खुर्चीत मागं टेकलो.

१४ पासनं पुढं होते. १५ चा अंक मोठा, फोटोबिटो, तो मी बघत बसलो थोडा वेळ, कामाशी काही संबंध नसताना. मग हैदराबाद संस्थानच्या बातम्या आतल्या पानावर, बारीक टायपात. याद्या यायच्या, अमुक गावी तमुक यांस अटक, आणि शेवटी नेहमीचं, "व इतर ११", "व इतर ७". ते "व इतर" वाचून मला राग यायला लागला होता, अरे इतर म्हणजे कोण, त्यांच्या घरी नातू नाहीत का.

आणि २० तारखेनंतरच्या एका अंकात दुसऱ्या पानावर, उजवीकडच्या शेवटच्या कॉलममध्ये, परभणी जिल्हा, आमच्या गावाचं नाव, चक्क बरोबर छापलेलं. खाली चार ओळी. दुसऱ्या ओळीच्या शेवटी "नारायण ग". आणि तिथं काळोख.

म्हणजे झालं काय, पेपरच्या सहा-सहा महिन्यांच्या फायली बाइंडिंग केलेल्या होत्या, जाड, घट्ट. फोटो काढताना ती शिवण उसवून पानं सुटी करायला पाहिजे होती, किंवा निदान काचेखाली दाबून सपाट तरी. ज्यानं काढला त्यानं फाईल तशीच उघडी ठेवून वरनं फोटो मारला. शिवणीकडचा दीड-दोन बोटांचा भाग आत वळलेला, त्याच्यावर उजेडच पडला नाही. प्रत्येक ओळीची शेवटची तीन-चार अक्षरं त्या खाचेत. मी भिंग बदललं, फोकस पुढंमागं केला, पान आडवं केलं, जसं काही तिरकं बघितलं की आतलं दिसंल. जे कॅमेऱ्यालाच दिसलं नाही ते मला काय दिसणार.

मामांना म्हटलं, मूळ अंक? फायली? त्यांनी हात वर करून हवेत ट्रक नेल्यासारखा केला. फिल्म झाली, जागा अडते, म्हणून फायली रद्दीत गेल्या, त्यांच्या आधीच्या काळात. ह्यावर मी कितीतरी बोललो, मामांना उगाच, त्यांचा काय दोष. हा उद्योग आपल्याच लोकांनी केला असंही नाही, अमेरिकेतल्या भल्याभल्या लायब्ऱ्यांनी फिल्म झाली की मूळ पेपरांच्या फायली फुंकून टाकल्या, आणि मग दोन हजार सालाच्या आगेमागे त्यावरनं मोठी भांडणं झाली. पाचशे वर्षं टिकणारी फिल्म, मान्य. पण आता ती काळी पट्टीसुद्धा पाचशे वर्षं टिकणार.

तिसऱ्या दिवशी त्या पानाचा मोबाइलवर फोटो घेतला (प्रिंट काढायचं मशीन बंद, पार्ट मिळत नाही), सप्टेंबरची पानं वरवर चाळली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. खरं सांगायचं तर मी खूश होतो. नारायण ग म्हणजे नारायण गणपत, आणखी कोण. आजोबा सापडले होते, शिवणीत का होईना. फोटो मोठा करून छापून आणला आणि रविवारी जिंतूरला आत्याकडं गेलो. आत्या ८५ ची, आजोबांची थोरली लेक, ४७ ला सात वर्षांची असंल. डोळ्याला कमी दिसतं पण कान तिखट आहेत. वडलांना, म्हणजे आजोबांना, ती दादा म्हणते.

मी वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "ह्यो आपला न्हाई."

मी म्हटलं आत्या, नारायण ग, आपलंच गाव.

"ह्यो खालच्या आळीचा नारायण. गोविंदाचा. त्यो बी गेलताच की तवा. दादाला कोन नारायण म्हनत व्हतं रे? समदे मास्तर म्हनायचे, पारावर रातची शाळा घ्यायचे ना. पेपरात बी मास्तरच आलतं. लोणारकडनं कुणीतरी धोतरात लपवून पेपर आनलता, चुलत्यानं वाचून दाखिवला. मास्तर म्हनल्यावर आई रडाया लागली, आन मी पेपरकडं बघत व्हते, मला वाटलं दादा त्याच्यात बसलेत."

मग तिनं छापलेला कागद हातात घेतला, त्या काळ्या पट्टीवरनं बोट फिरवलं आणि मला परत दिला, "येवढ्यासाठी तीन दिस गेलतास व्हय. जेव आता."

जेवताना मला आठवलं. मास्तर. मी बघितलंय ते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असंल, कुठल्या तरी पानाच्या मधल्या कॉलमात, "मास्तर व इतर ७", आणि मी नारायण शोधत होतो म्हणून हँडल फिरवून पुढं गेलो. मधला कॉलम, म्हणजे शिवणीपासनं लांब, सगळं दिसत असणार. पण सप्टेंबरचा का ऑगस्टच्या शेवटचा, कोणत्या पानावर, वरच्या भागात का खाली, काहीच आठवेना. भाकरी हातात तशीच धरून मी मामांना फोन लावला.

मामा म्हणाले, रीळ तेच, मी काढून ठेवतो, पण सर मशीनचा बल्ब गेला काल. चोवीस व्होल्टचा आहे, पिना जवळजवळ असलेला, शहागंजात बघितला, मिळाला नाही. तुमच्या परभणीत प्रोजेक्टरवाल्याकडं विचारून बघा, मिळाला तर दोन घेऊन या.